ओलं माप

मेस्त्री गेले त्याला आता चार महिने होतील. दहाव्याला मी साताऱ्याहून सांगलीला गेलो, तर कृष्णेच्या घाटावर कुणीतरी विचारलं, "तुम्ही त्यांचे कोण?" मी म्हटलं, "ओळखीचा." खरं म्हणजे 'त्यांचं नुकसान केलेला माणूस' असं सांगायला हवं होतं. पण घाटावर असं कुणी सांगत नाही. शिवाय जिथे सांगायचं होतं तिथे माझं ते सांगून झालं होतं, तीस वर्षं उशिरा.

त्यांना नाव होतं, पण ते रेशनकार्डावर. मिरज, तासगाव, कडेगाव, कवठे महांकाळ, कुठल्याही पंपावर जा, ते नुसते मेस्त्री. उंच, किडकिडीत, कानाच्या मागे शिसपेन्सिल आणि खाकी शर्टाच्या खिशात शिवणकामाची सुई. बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा सायकलच्या मागे बांधलेला असायचा. त्याच्या एका बाजूला हत्यारं आणि दुसऱ्या बाजूला फडक्यात बांधलेली भाकरी.

हल्ली पंपावर आकडे दिव्यांनी उमटतात आणि आपण तोवर मोबाईल बघत बसतो. जुन्या पंपाच्या तोंडाला काच असायची आणि काचेमागे एका आसावर ओवलेली आकड्यांची चाकं. प्रत्येक चाकावर शून्यापासून नऊपर्यंत आकडे. उजवीकडचं चाक भराभर फिरायचं. त्याचा एक फेरा पुरा झाला की शेजारचं चाक एक घर पुढे सरकायचं. दोन चाकांच्या मध्ये नखाएवढी दातेरी चकती असते, ती हे ढकलायचं काम करते. मेस्त्री तिला 'दाती' म्हणत. या सगळ्या पेटीला म्हणायचं काउंटर, आणि मेस्त्री फक्त काउंटर दुरुस्त करत. मोटर जळाली, नळी गळायला लागली, खालचं मीटर कमी-जास्त द्यायला लागलं, तर ते हात लावत नसत.

"पोटाचा डाक्टर येगळा, डोक्याचा येगळा," म्हणत. "आमी डोक्याचं."

मी वजनमापांचा निरीक्षक होतो. पंपाचं यंत्र उघडलं की त्यावरचं शिशाचं सील तुटतं, आणि सील तुटलेल्या यंत्रातून पेट्रोल विकता येत नाही. यंत्र उघडायला परवान्याचा दुरुस्तीवाला लागतो आणि दुरुस्तीनंतर निरीक्षकाने येऊन, पाच लिटरच्या मापात पेट्रोल काढून बघून, पुन्हा सील ठोकावं लागतं. त्यामुळे मेस्त्री आणि मी, मांडववाला आणि भटजी भेटावेत तसे, ठरलेल्या कामाला वारंवार भेटत राहिलो.

उभं आयुष्य त्यांनी पंपांवर काढलं, पण पेट्रोलवर चालणारं काहीही कधी घेतलं नाही. लांबचं काम असलं की सायकल एसटीच्या टपावर चढवायची, स्टँडवर उतरवायची आणि तिथून पंपापर्यंत पायडल मारत जायचं. पंपवाले हसत. मेस्त्री म्हणत, "ह्ये मोजायचं असतंय, जाळायचं न्हाई." हा विनोद होता की व्रत, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

काम सुरू करताना ते काउंटरला कान लावत. मग रेडिओ बंद, गप्पा बंद. एकदा मिरजेच्या रस्त्याला एका पंपमालकाला त्यांनी त्याच्याच पंपावर खोकू दिलं नव्हतं. "जरा ऐकू द्या की वो," म्हणाले, आणि तो आडदांड माणूस तोंडावर उपरणं धरून लांब जाऊन उभा राहिला. तेल देताना ते सुईच्या टोकावर एक थेंब घेऊन आसाला लावत. चाकं चिंचेनं घासून लख्ख करत. नऊच्या आकड्यावर त्यांची विशेष माया होती. मला एकदा त्यांनी हळूहळू चाक फिरवून दाखवलं होतं.

"बगा सायेब. एकाचं दोन व्हायला कायच लागत न्हाई, एकच चाक हालतंय. पर नव्व्याण्णवाचं शंभर व्हताना सगळ्यांस्नी एकदम हालवाया लागतंय. यंत्र म्हातारं झालं की तिथंच अडतंय. लोकं म्हनत्यात शंभर बिघडला. शंभराचं काय न्हाई, नवाला दम लागलेला असतोय."

त्यांच्या दोन सवयी मात्र मला इथे नीट सांगायला हव्यात, कारण पुढचं सगळं त्यांच्यावर आहे.

पहिली सवय झाकणाची. दुरुस्ती झाली की काउंटरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला ते कानामागची पेन्सिल काढून दोन ओळी लिहीत. काय बिघडलं होतं, काय केलं. घरी वही नव्हती, पावतीपुस्तक नव्हतं. या भागातल्या पंपांच्या डोक्यात जे लिहिलं असेल तेवढंच त्यांचं लिखाण. पुन्हा कधी ते झाकण उघडलं की आधी मागचं वाचायचे, मान हलवायचे आणि मग हत्याराला हात घालायचे.

दुसरी सवय चहाची. पंप पास झाल्याशिवाय ते तिथला चहा घेत नसत. पाणीसुद्धा स्वतःचं. भाकरी खायला लांब, कुठल्यातरी लिंबाखाली जाऊन बसत. मालकाने चहा आणून ठेवला तर तो तसाच निवत राहायचा. मी माप बघायचो, सील ठोकायचो. मग ते माझ्याकडे बघून विचारायचे, "पास?" मी म्हणायचो, "पास." आणि तो गार झालेला चहा ते एका घोटात संपवायचे. गरम करून आणतो म्हटलं तर नको म्हणायचे.

आता कवठे महांकाळची गोष्ट.

मी नोकरीत नवा होतो, वर्षसुद्धा झालं नव्हतं. गावाबाहेर, रस्त्याला लागून एक पंप होता. सीमेवर कामी आलेल्या एका जवानाच्या पत्नीला तो मिळाला होता. सगळा गाव तिला आक्का म्हणायचा. तिशीतली बाई, पदरात एक लहान मुलगा. पहाटे उठून गडीमाणसाच्या बरोबरीने पंपावर उभी राहायची. बाईमाणूस पंप चालवतं म्हटल्यावर चार तोंडं चार बाजूंनी बोलत होतीच. तिच्या पंपाचा काउंटर शंभराला अडत होता, तो मेस्त्रींनी तीन दिवस आधी दुरुस्त केला होता आणि माप बघून सील ठोकायला मी जायचा होतो. आणि नेमका त्याच सुमाराला आमच्याकडे एक निनावी अर्ज आला की हा पंप माप मारतो.

चैत्रातली टळटळीत दुपार होती. मी जीपमधून उतरलो तेव्हा वीस-पंचवीस माणसं जमलेली होती. मला ते आवडलं, हे आज कबूल करतो. नवा साहेब, नवी टोपी, भोवती गर्दी. मी पाच लिटरचं माप घेतलं आणि गाडीतून काढून तसंच नळीखाली लावलं.

इथे एक बारकी गोष्ट सांगायला हवी. ते माप आधी ओलं करून घ्यायचं असतं. एकदा पेट्रोलने भरायचं, ओतून टाकायचं, थेंब निथळू द्यायचे आणि मग खरं मोजायचं. कोरड्या मापाच्या अंगाला थोडं पेट्रोल चिकटून राहतं, चैत्राच्या उन्हात थोडं उडून जातं, आणि यंत्र बरोबर असलं तरी माप कमी दिसतं. मला हे शिकवलेलं होतं. तीन वेळा मोजावं हेही शिकवलेलं होतं. मी कोरड्या मापाने एकदाच मोजलं. मापाच्या मानेवरच्या काचेत पेट्रोल हद्दीच्या रेघेच्या किंचित खाली थांबलं.

गर्दीतून आवाज निघाला, "बगितलंसा? आमी म्हनत नव्हतो?"

मेस्त्री पुढे आले. अगदी हळू, फक्त मला ऐकू येईल असं बोलले.

"सायेब, माप कोरडं हाय. एकदा भरून वतून टाका, मग बगा."

मी त्यांच्याकडे न बघता मोठ्याने म्हटलं, "मला माझं काम शिकवू नका. काउंटर उघडा."

त्यांनी उघडला. मी आत डोकावलो. त्यात काय बघायचं असतं हे तेव्हा मला धड कळतही नव्हतं. मी पंचनामा लिहायला बसलो, तेव्हा त्यांनी कानामागची पेन्सिल काढून झाकणात काहीतरी लिहिलं आणि झाकण लावून टाकलं. ते लिहीत होते हे मी पाहिलं. काय लिहिलं, ते पाहिलं नाही. मी पंप बंद करून सील ठोकलं.

आक्काने मेस्त्रींसाठी चहा आणून स्टुलावर ठेवला होता. त्यावर साय धरली होती.

"मेस्त्री, काय केलंसा ह्ये?" तिने विचारलं.

"काउंटर बरोबर हाय, आक्का."

"मग सायेब खोटं बोलत्यात व्हय?"

मेस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. मी लिहीत होतो. मी मान वर केली नाही. त्यांना तिथे सगळ्यांसमोर 'माप कोरडं होतं' असं ओरडून सांगता आलं असतं. त्यांनी सांगितलं नाही. का, ते मला बरीच वर्षं कळत नव्हतं.

"माझ्या मालकाच्या नावाचा पंप हाय ह्यो," आक्का म्हणाली. "तुमी त्येला बट्टा लावला. परत हितं पाय ठेवू नका."

मेस्त्रींनी डबा सायकलला बांधला आणि ते गेले. चहा तसाच राहिला.

पंप अकरा दिवस बंद होता. मग कोल्हापूरहून आलेल्या मीटरच्या दुरुस्तीवाल्याने, माप वाढावं म्हणून, खालच्या मीटरचा स्क्रू पिळून दिला, काउंटरला हात लावायची त्याला गरजच नव्हती. फेरतपासणीला दुसरे निरीक्षक गेले आणि पंप सुरू झाला. यंत्र आधीच बरोबर असल्यामुळे पुढची कित्येक वर्षं आक्का गिऱ्हाइकाला मापापेक्षा थोडं जास्तच देत असणार. तरीही 'पेट्रोल कापणारी बाई' हे शब्द तिच्या मागून बाजारात फिरत राहिले. मेस्त्रींच्या नावापुढे मी 'यंत्राशी छेडछाडीचा संशय' असं लिहिलं होतं. त्यांचा परवाना गेला, तो पुन्हा मिळाला नाही.

दोन महिन्यांनी तासगावला एका पंपावर मी असाच घाईत कोरड्या मापाने मोजलं. माप कमी भरलं. मी कागद काढणार एवढ्यात मालक म्हणाला, जरा सावलीला बसा, सरबत घ्या. बसलो. सरबत येईस्तोवर सहज म्हणून त्याच, आता ओल्या झालेल्या मापाने पुन्हा मोजलं, तर बरोबर रेघेवर. कवठे महांकाळची दुपार, मेस्त्रींचा तो हळू आवाज, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं.

तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. नोकरी कायम व्हायची होती. ती झाल्यावर वाटलं, आता जुनं कशाला उकरायचं. मग बढती, मग मुलीचं शिक्षण. भित्र्या माणसाला कारणं शोधावी लागत नाहीत, ती रांगेत उभीच असतात.

एकदा मात्र सांगायचंच असं ठरवून मी सांगलीत त्यांच्या घरी गेलो. हळदीच्या पेठेमागे दोन खोल्या होत्या. मेस्त्री उंबऱ्यात बसून कुठल्यातरी काउंटरची चाकं आसात ओवत होते. त्यांच्या बायकोने पाणी आणून दिलं. तिचे तळवे पिवळे धमक होते. परवाना गेल्यावर ती एका अडत्याकडे हळद निवडायला जाऊ लागली होती.

"काम कसं चाललंय, मेस्त्री?" मी विचारलं.

"चाललंय की. सही दुसऱ्याची, हात आपला."

म्हणजे परवाना दुसऱ्या कुणाचा, आणि हे त्याचे मदतनीस म्हणून कागदावर. त्यांनी दुरुस्त केलेल्या एकाही यंत्राच्या कागदावर आता त्यांचं नाव येत नव्हतं. मी पाणी प्यालो, पेला खाली ठेवला आणि उठलो. तो पिवळा तळवा मला आजही दिसतो.

त्यानंतरही आम्ही पंपांवर भेटत होतोच. मी पोचायच्या आधी मेस्त्री माप घेऊन तयार असायचे. स्वतः भरून, ओतून, निथळून.

"वल्लं करून आनलंय, सायेब."

वीस वर्षं, दर वेळी हेच वाक्य. त्यात टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. मी पुष्कळदा त्यांच्या तोंडाकडे बघून टोमणा शोधला. नव्हता. एखादा माणूस दुसऱ्याला पायरीवर हात धरून उतरवतो, तेवढंच होतं ते.

मग सगळीकडे दिव्यांचे पंप आले. मेस्त्रींची विद्या दोन-तीन वर्षांत निकामी झाली. मीही निवृत्त होऊन साताऱ्याला येऊन राहिलो.

गेल्या वर्षी थंडीत मला एक फोन आला. आक्काचा मुलगा. तोही फौजेत गेला होता, सुभेदार होऊन परत आला होता. मागच्या गोदामात जुना पंप पडला होता. त्याला तो रंगवून नव्या पंपापुढे उभा करायचा होता, वडिलांची आठवण म्हणून, आणि नुसता शोभेचा नाही, चालू.

"मोटर केली, खालचं मीटर नव्यानं लावून घेतलं, बॉडी केली," तो म्हणाला. "आकडे फिरत नाहीत. पुण्यापर्यंत विचारलं, कुणी हात लावत नाही. सगळे एकाच माणसाचं नाव सांगतात, आणि आई ते नाव घरात काढू देत नाही."

"मी घेऊन येतो त्यांना," मी म्हटलं. हे मी म्हटलं, की माझ्या तोंडून आपोआप निघालं, सांगता येत नाही.

मेस्त्रींचे डोळे काचबिंदूने जवळजवळ गेले होते. उजेड-अंधार कळायचा, माणूस आवाजावरून ओळखायचे. मी कुठे जायचं ते सांगितलं. त्यांनी विचारलं, "आक्कानं बोलावलंय?"

"सुभेदारांनी."

त्यांनी हाताने कोपरा चाचपला. मग डबा मांडीवर घेतला. "चला. आक्का नगं म्हनली तर दारातनं माघारी फिरायचं. तेवढं कबूल करा."

आक्का ऑफिसच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसल्या होत्या. केस पांढरे झालेले, पाठ तशीच ताठ. मेस्त्री काठी टेकत गाडीतून उतरले आणि पंपाच्या हद्दीबाहेरच थांबले. एक पाय डांबरावर, एक पाय मातीत.

"यिऊ का, आक्का?"

आक्कांनी त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं, काठीकडे पाहिलं. "आलाच हायसा तर या," म्हणाल्या. एवढंच.

सुभेदाराने झाकणाचे स्क्रू काढले. मेस्त्रींनी झाकण हातात घेतलं, आतून बोटं फिरवली आणि माझ्यापुढे धरलं.

"मागचं काय लिवलंय ते वाचा, सायेब. त्याबिगर हात लावायचा न्हाई."

पेन्सिलीचं लिखाण तीस वर्षांनीही स्पष्ट होतं. पेटीच्या आत ऊन नाही, पाऊस नाही. मी वाचायला लागलो. "आस साफ केला. तेल एक थेंब." पुढे, "शंभराला अडते. मधली दाती झिजली. घासून बसवली." त्याच्या खाली आणखी एक ओळ होती. ती मी मनात वाचली आणि थांबलो.

"म्होरं?" मेस्त्रींनी विचारलं.

"पुढचं पुसट आहे," मी म्हटलं.

मेस्त्रींनी झाकण माझ्याकडेच ठेवलं आणि ते कामाला बसले. एवढ्या वयात, एवढं होऊन, मी पुन्हा त्याच जागी तेच केलं होतं. मला स्वतःची किळस आली.

डोळे नसलेल्या माणसाला काउंटर खोलताना मी पहिल्यांदाच पाहिलं. चाकं एकेक काढून त्यांनी धोतराच्या ओच्यात क्रमाने ठेवली. रॉकेलमध्ये बुडवून जुन्या दातांच्या ब्रशने घासली. मग पुन्हा ओवली आणि पेटीला कान लावून मला म्हणाले, "फिरवा. आकडं म्हना."

मी फिरवत गेलो. शहाण्णव, सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव, नव्व्याण्णव. तिथे हाताला जड लागलं आणि अडलं.

"नवाला दम लागलाय," ते म्हणाले. डब्यातून चाचपून त्यांनी एक दाती काढली, कधीकाळी कुठल्या मेलेल्या काउंटरमधून जपून ठेवलेली. दातावर नख फिरवून बघितली, नाही म्हणाले, दुसरी काढली. तिसरी पसंत पडली. ती बसवायला त्यांना दीड तास लागला. सुभेदार मदतीला पुढे झाला तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. तुमच्या हाताला न्हाई कळायचं." मग सुईच्या टोकावर तेलाचा थेंब. "फिरवा." नव्व्याण्णव. आणि सगळी चाकं एकदम, खट् करून, शंभरावर आली. आक्का खुर्चीतून उठून जवळ आल्या होत्या, ते मला तेव्हा कळलं.

सुभेदाराने पेट्रोलचा कॅन लावला आणि पाच लिटरचं माप आणलं. मेस्त्रींनी हात पुढे केला नाही. मी वाट पाहिली. ते बसूनच राहिले, तोंड माझ्या दिशेला. वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी ते काम माझ्यावर सोडलं होतं.

मी माप भरलं आणि कॅनमध्ये परत ओतलं. थेंब निथळत धरून उभा राहिलो.

"ह्ये कशापायी वतलं?" आक्कांनी विचारलं.

"माप आधी ओलं करावं लागतं, आक्का. कोरडं माप कमी दाखवतं."

"यंत्र बरोबर असलं तरी?"

"तरी."

तीस वर्षं पंप चालवलेली बाई ती. माझ्या हातातल्या मापाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "त्या दिशी वल्लं केलं हुतं?"

मी माप पालथं घालून ठेवलं.

"नाही," मी म्हटलं. "कोरडंच लावलं होतं. मेस्त्रींनी मला सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. तुमचं यंत्र बरोबर होतं. तुम्ही कुणाचा थेंब मारला नाही आणि यांनी काही केलं नाही. चूक माझी होती. दोन महिन्यांत मला ती कळली होती, आणि मी गप्प बसलो."

मग झाकण हातात घेऊन ती तिसरी ओळ मोठ्याने वाचली.

"यंत्र बरोबर. माप कोरडे. साहेब नवीन आहेत, शिकतील."

रस्त्यावरून उसाच्या दोन ट्रॉल्या गेल्या. आक्कांनी पदर तोंडाला लावला आणि त्या वळून आत गेल्या.

मी मेस्त्रींच्या पुढे उकिडवा बसलो. "मेस्त्री, मी कार्यालयाला पत्र लिहितो. सगळं लिहून देतो. तुमचा परवाना..."

"परवाना घिऊन आता काय करू, सायेब? डोळं गेलं, काउंटर गेलं." मग म्हणाले, "पर लिवा. घरच्यांस्नी वाचून दाखवाया व्हईल."

"तुम्ही तेव्हाच का बोलला नाहीत? सगळे होते तिथं."

"समद्यांम्होरं तुमाला पाडलं असतं तर तुमी कवाच शिकला नसता." त्यांनी ते इतक्या साध्या आवाजात सांगितलं की मला त्यांच्याकडे बघवेना. "माप बगा आधी. निथळलं असंल."

मी ओलं माप भरलं. पेट्रोल रेघेवर येऊन थांबलं. काउंटरवर पाच लिटर, मापात पाच लिटर.

"आजचं लिवा," मेस्त्रींनी कानामागची पेन्सिल माझ्या हातात दिली. "मधली दाती बदलली. माप वल्लं."

मी लिहिलं. खाली 'चूक निरीक्षकाची' असं लिहायला लागलो, तर पेन्सिलीच्या आवाजावरून त्यांनी ओळखलं.

"आनि काय लिवतासा? तिथं यंत्राचं लिवायचं असतंय, मानसाचं न्हाई."

"तुम्ही माझं लिहिलं होतं की."

मेस्त्री हसले. त्यांना हसताना मी फार वेळा पाहिलं नव्हतं. मी ओळ पुरी केली, खाली सही केली आणि सुभेदाराने झाकण लावलं.

आक्का बाहेर आल्या. डोळे लाल होते. हातात बशी आणि कप. त्या मेस्त्रींपुढे आल्या, वाकल्या आणि त्यांचा हात धरून कप त्यांच्या हातात दिला.

"तवाचा ऱ्हायला हुता, मेस्त्री," म्हणाल्या.

मेस्त्रींनी कप दोन्ही हातांत धरला. वाफ त्यांच्या तोंडावर येत होती. ओठाला लावायच्या आधी त्यांनी तोंड माझ्याकडे वळवलं.

"पास?"

"पास," मी म्हटलं.

मग ते चहा प्याले.